विषय : कार कमी करणेबाबत

स्कॉटलंडच्या सरकारनं हात टेकले हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. कोणाचं वाईट झालं म्हणून नव्हे. सरकारला हात असतात हे ठाऊक होतं. ते टेकताही येतात, हे नवं होतं.

झालं असं, की डिसेंबर २०२० मध्ये त्या सरकारनं जाहीर केलं : देशातल्या सगळ्या कार मिळून वर्षाला जेवढे किलोमीटर धावतात, ते २०१९ च्या मानानं २०३० पर्यंत २० टक्क्यांनी कमी करायचे. मग आराखड्याचा मसुदा आला, बैठका झाल्या. (बैठकांना मंडळी कशात बसून आली, ते विचारू नये.) जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी कागद तपासले आणि हे काही जमेलसं दिसत नाही असा शेरा मारला. एप्रिलमध्ये वाहतूक खात्याच्या मंत्री फिओना हिस्लॉप यांनीच सांगून टाकलं, की हे लक्ष्य गाठता येणार नाही, बदलावं लागेल.

एवढ्यात सोडून दिलं! आपल्याकडे असं होत नाही. आपल्याकडे उद्दिष्ट एकदा आलं की ते पूर्ण होतंच. पाऊस पडो, न पडो, ३१ मार्चला पूर्ण होतं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायची होती. खड्डे झाले, फोटो झाले, आकडे आले, आणि त्या झाडांचं पुढं काय झालं हे बघायला २०२१ मध्ये आमदारांची समितीसुद्धा नेमली गेली. स्कॉटलंडचं चुकलं ते इथंच. त्यांनी किलोमीटर मोजले. मोजायचं नसतं, कळवायचं असतं.

हेच उद्दिष्ट आमच्या दारव्ह्याला दिलं असतं तर? ते कोणत्या वाटेनं येतं ते मला पाठ आहे. मुंबईहून निघतं, अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे उतरतं, तिथून यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग दारव्ह्याला तहसीलदारांकडे, मंडळ अधिकाऱ्यांकडे, तलाठ्याकडे आणि शेवटी कोतवालाकडे. प्रत्येक पायरीवर ते थोडं थोडं वाढत जातं, कारण प्रत्येक साहेबाला वरच्या साहेबापुढं ठेवायला हाताशी जरा जास्तीचं लागतं. मुंबईत २० टक्के असलेलं कोतवालापर्यंत पोचेस्तोवर ३५ टक्के झालेलं असतं. आणि कोतवालाकडे असते सायकल.

परिपत्रक मी आत्ताच लिहून देऊ शकतो :

‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या कार्यक्षेत्रातील कारचा वापर सन २०३० अखेर २० टक्क्यांनी कमी करावयाचा असून त्याकरिता गावनिहाय कारधारकांची यादी विहित नमुन्यात दोन प्रतींत सादर करावी. ज्या गावात कार उपलब्ध नाही तेथे ती उपलब्ध करून घेऊन कमी करणेबाबत नियोजन करावे. माहिती निरंक असल्यास निरंक असा अहवाल सादर करावा. सदर बाब सर्वोच्च प्राधान्याची असून विलंब झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’

यादी करायचं काम अर्थातच शाळेतल्या गुरुजींकडे येणार. जनगणना, मतदार यादी, शौचालयं, खिचडी, आणि आता कार. गुरुजी वही घेऊन दारोदार फिरतील.

“भाऊ, गाडी हाय का घरी?”

“हाय नं गुरुजी. थे काय, बदामाखाली.”

“चालते किती?”

“लोटली त चालते.”

“मंग वापर कमी केला असं लिहू का?”

“लिहा नं. पोयापासून बॅटरीच गेली तिची.”

झालं की नाही? स्कॉटलंडला पाच वर्षांत जे साधलं नाही ते बदामाखाली दोन मिनिटांत साधलं. आता राहिला पुरावा. हल्ली पुरावा म्हणजे जिओ-टॅग केलेला फोटो. कार न वापरतानाचा फोटो काढायचा. कार उभी, कारशेजारी मालक उभा, मालकाशेजारी सरपंच उभे. तिघांपैकी कोणीच हलत नाही, म्हणजे उद्दिष्ट साध्य. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत पहाटे शिट्ट्या घेऊन गुड मॉर्निंग पथकं फिरायची, तशी पथकंही निघतील, आणि त्यांना पहाटेच पुष्कळ गुन्हेगार सापडतील. कारण आमच्याकडे सकाळी फिरायला जाणारी प्रतिष्ठित मंडळी कारनं जातात. गावाबाहेर यवतमाळ रोडला कार नेतात, झाडाखाली लावतात, हात हलवत हलवत मैलाच्या दगडापर्यंत जातात, परत येतात, दार उघडून बसतात आणि एसी लावून घाम वाळवतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं. कारनं जाऊ नका असं डॉक्टर म्हणालेले नसतात.

मार्चअखेर तालुक्याचा अहवाल जाईल : साध्य, उद्दिष्टाच्या ११२ टक्के. त्याची खातरजमा करायला वरून पथक येईल. तीन बोलेरोंतून.

थट्टा पुरे झाली असं नाही, पण एक साधी गोष्ट मध्येच सांगून टाकतो. कमी करायला आधी असावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांत कार निघाली. (गोव्यात शंभरातल्या पंचेचाळीसेक घरांत, पण गोव्याचं सगळंच निराळं.) उरलेली बाण्णव घरं कारनं शून्य किलोमीटर जातात. वीस टक्के कपातीचं लक्ष्य त्यांनी पाचपट पूर्ण केलेलं आहे, आणि अद्याप त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालेला नाही. सत्कार झाला, तरी त्यातले निम्मे लोक व्यासपीठावरून उतरून थेट शोरूमला जातील असा माझा अंदाज आहे. आपला प्रश्न कार सोडवण्याचा नाहीच. घ्यायला निघालेल्या माणसाला दारात थांबवण्याचा आहे. त्याला थांबवायचं तर तो का निघाला हे विचारावं लागेल. ते परिपत्रकात विचारत नाहीत.

दारव्ह्यापुरतं उत्तर मला ठाऊक आहे. आमच्याकडे गाडी होती. तिचं नाव शकुंतला.

बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन नावाच्या इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडातला कापूस उचलण्यासाठी अडीच फुटी रुळांची ही वाट टाकली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूर, साधारण ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून पुढं अचलपूर. मूर्तिजापूरला मुंबईची मोठी लाइन. इथला कापूस त्या वाटेनं मँचेस्टरला जायचा, आणि मँचेस्टरनं त्याची परतफेड म्हणून एक इंजिन पाठवलं. १९२१ सालचं घडलेलं, वाफेचं. १९२३ ला ते रुळावर लागलं आणि १९९४ पर्यंत लागलेलं राहिलं. सत्तर वर्षं! आत्ता कोणी सात वर्षांची कार दारात ठेवली तर पाहुणे विचारतात, बदलत नाही का?

१९५१ मध्ये देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही वाट कंपनीचीच राहिली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, आणि रुळांचं भाडं स्वतंत्र देशाचं सरकार कंपनीला देणार, असा तो संसार होता. त्यातच ती चालायची. चालायची हे क्रियापद मी जपून वापरतोय. धावायची म्हटलं तर दारव्ह्याची म्हातारी माणसं हसतील. ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेरचा वेग. गार्डच तिकिटं द्यायचा. वाटेतलं फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं जायची, तो फाटक उघडायचा आणि पुन्हा गाडीत येऊन बसायचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे, कारण घाई असलेला माणूस मुळातच तिच्यात बसत नसे. डब्याच्या दारात पाय सोडून बसायचं, दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर चहा प्यायचा, लाडखेडला कोणी ओळखीचं चढतंय का बघायचं. म्हशीला हॉर्न दिला तर म्हैस आधी गार्डकडे बघायची, मग इंजिनाकडे, मग विचार करायची.

जगभरातले वाहतूकतज्ज्ञ आता ज्याला शाश्वत वाहतूक म्हणतात आणि ज्यावर परिषदा घेतात, ती हीच. स्वस्त, सगळ्यांसाठी, पार्किंगचा प्रश्न नाही, वेगमर्यादा मोडण्याची सोयच नाही. दारव्ह्यानं हे उद्दिष्ट स्कॉटलंडच्या शंभर वर्षं आधी गाठलं होतं, आणि कोणी दिलेलंही नव्हतं.

मग सरकारनं काय केलं? गेल्या दशकात ती थांबली, लोकांनी आरडाओरडा केला, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. रूळ झिजले, पूल जुने झाले, हे खरंच होतं. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजसाठी १५०० कोटी रुपयांची घोषणा केली. घोषणा ब्रॉडगेजच्या रुंदीची होती. काम अजून नॅरोगेजवरच आहे. कालिदासाच्या शकुंतलेला विसरायला एकच राजा पुरला होता. आमच्या शकुंतलेला विसरायला कितीतरी मंत्री लागले. अंगठी अजून माशाच्या पोटात आहे आणि मासा बहुधा दिल्लीत.

रुळांवर झुडपं वाढली. आणि ज्या घरांतली माणसं मूर्तिजापूरला जाऊन मुंबईची गाडी धरायची, त्या घरांपुढं एकेक करून कार उभ्या राहिल्या. आता उद्या कोणी येऊन म्हणालं, की तुम्ही दारव्हेकर कार फार वापरता, तर आम्ही त्याला मोतीबाग स्टेशनावर नेऊ. तिथवर त्याच्याच कारनं.

तरी एसटी आहे. तिच्याबद्दल वाईट बोललेलं माझ्याच्यानं ऐकवत नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या राज्यातल्या निम्म्या लोकांचं शिक्षण, लग्न आणि बाळंतपण तिच्यावर झालंय; काहींचं तर तिच्यात. आणि कार कमी करण्याचा खरा प्रयोग मी पाहिला तो एसटीनंच केलेला. तिच्या डोक्यात तसं काही नव्हतं, म्हणूनच तो जमला असावा.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या शेजारी एक भाऊसाहेब आहेत, त्यांच्याकडे चारचाकी आहे. एका रविवारी घरात यवतमाळला जायचं निघालं. भाऊसाहेब किल्ली फिरवत बाहेर आले. वहिनींनी ओसरीवर बसूनच हिशेब मांडला.

“माझं अर्धं. दोघी पोरींचं अर्धं-अर्धं. आत्याबाई फुकट. पूर्ण तिकीट फक्त तुमचं.”

“मंग?”

“मंग काय! घरात सगळ्यायत महाग तुम्हीच हा. तुम्ही राहा घरी.”

आणि बाया खरंच एसटीनं गेल्या. भाऊसाहेब आणि कार दोघंही दिवसभर बदामाखाली. ना परिपत्रक, ना पथक, ना जिओ-टॅग. मुंबईतही असंच झालं होतं. २०१९ च्या जुलैत बेस्टनं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं आणि बसथांब्यांवर माणसं परत आली. २०२५ च्या मे महिन्यात तेच भाडं दहा झालं. आता त्या माणसांना पुन्हा थांब्यावर आणण्यासाठी एखादं उद्दिष्ट ठरवावं लागेल.

पण वहिनींचा हिशेब संध्याकाळी बिघडतो. कोणत्याही तालुक्याच्या स्टँडवर जाऊन बघा. तिथं सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘गाडी केव्हा’ हा नसतो. ‘शेवटची गाडी केव्हा’ हा असतो. लग्न दुपारचं असलं तरी मुहूर्त टळतो, जेवणं उशिरा होतात, नवरदेवाचे मित्र डीजेपुढून हलत नाहीत, आणि तेवढ्यात शेवटची गाडी सुटलेली असते. मग खेड्यातल्या माणसानं जायचं कसं? काळीपिवळीवाला माणसं भरेपर्यंत हलत नाही आणि भरल्यावर थांबत नाही. रात्री अकराला कोणाच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले यवतमाळला न्या, नाहीतर सरळ सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तर कोणत्या फलाटावर उभं राहायचं?

माणूस कार घेतो ती दिवसभरासाठी घेत नाही. शेवटची बस गेल्यापासून पहिली बस येईपर्यंतच्या वेळासाठी घेतो. आणि एकदा घेतली, हप्ते सुरू झाले, की मग दारात उभी आहे तर दिवसाही काढतो. दूध आणायला, पोराला शिकवणीला सोडायला, सकाळी चालायला. रात्रीच्या भीतीपोटी आलेली वस्तू दिवसाच्या सवयीत शिरते. कार कमी करायच्या असतील तर रात्रीची एक बस वाढवा, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ते फारच किरकोळ वाटतं. अभियान नाही, बोधचिन्ह नाही, नुसती एक बस. त्या बसचं उद्घाटनही रात्री करावं लागेल, आणि फोटो नीट येणार नाहीत.

ज्यांनी हे थोडंफार जमवलं त्यांनीही तेच केलंय. लंडननं १७ फेब्रुवारी २००३ ला शहराच्या मध्यात कार आणणाऱ्यावर दिवसाला पाच पौंडांची पट्टी बसवली. तिची चर्चा जगभर झाली. पण त्याच दिवशी तीनेकशे जादा बस रस्त्यावर उतरवल्या होत्या, ही गोष्ट चर्चेत मागं राहते. सिंगापूरमध्ये तर कार घ्यायच्या आधी ती बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. दहा वर्षांच्या त्या कागदाची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलेली आहे. तिथं लोक कार बघतात आणि मेट्रोत बसतात, कारण मेट्रो येते. उलट दिल्लीनं जानेवारी २०१६ मध्ये सम-विषम केलं. सम तारखेला सम नंबर, विषम तारखेला विषम. मेक्सिको सिटीनं असला खेळ १९८९ पासूनच मांडलाय, आणि तिथल्या चतुर लोकांनी वेगळ्या नंबरची दुसरी, जुनी, जास्त धूर सोडणारी कार घेऊन टाकली. हा उपाय आमच्या भाऊसाहेबांना सांगितला तर ते म्हणतील, यात काय, दोन पाट्या ठेवायच्या!

दिल्लीत दुसरंही एक झालं. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना तिथं बंदी आली. गाड्या कमी झाल्या, असं तिथल्या कागदावर दिसत असेल. पण कार काही हवेत विरत नाही. ना-हरकत दाखला घेते आणि दुसऱ्या राज्यात जाते. कारचं असंच असतं. ती मोठ्या शहरातून लहान शहरात, तिथून तालुक्याला उतरत येते. भाऊसाहेबांच्या कारची पासिंग एमएच १२ ची आहे. पुण्यात कोणा पर्यावरणप्रेमी माणसानं मेट्रो सुरू झाल्यावर ती विकली असेल, त्याचं मन हलकं झालं असेल. ते ओझं आता आमच्या बदामाखाली आहे. पुण्याची एक कमी, यवतमाळची एक जास्त, आणि महाराष्ट्राचा हिशेब जागच्या जागी.

सरकारच्या मनात नक्की काय आहे हेही कळायला मार्ग नाही. आमच्या विदर्भातलेच नितीन गडकरी भारताचा वाहन उद्योग जगात पहिल्या क्रमांकावर न्यायचं म्हणतात, आणि हे गृहस्थ म्हणतात ते बहुधा करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सणासुदीला शोरूमपुढं रांगा लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते, की पार्किंगची जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या कारची नोंदणी होणार नाही. म्हणजे दिल्ली म्हणते घ्या, मुंबई म्हणते ठेवणार कुठं ते सांगा. दारव्ह्याला याचं काही वाटणार नाही. गाय विकून झालीय, गोठा रिकामा आहे, आणि दाखला देणारे आपल्याच ओळखीचे आहेत.

शिवाय समृद्धी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मुभा. दारव्ह्याहून कारंज्याला गेलं की चढता येतं. त्यावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही, सायकलचं तर नावच नको. एवढा देखणा रस्ता घराजवळून गेलाय आणि त्यावर जायला चार चाकं हवीत, हे कळल्यावर कास्तकाराच्या पोराच्या मनात काय येईल? ते पर्यावरण विभागाला विचारून येणार नाही.

खरं सांगायचं तर आमच्या बऱ्याच कार प्रवासासाठी नसतातच. कपाशीला भाव आला, सोयाबीन बरं झालं, जमिनीचा तुकडा लेआउटमध्ये गेला, की कार येते. मुलाच्या बायोडाटात शेती, शिक्षण, उंची यांच्या खाली ‘स्वतःची चारचाकी’ अशी एक ओळ असते, आणि पाहुणे आले की ती पुढच्या दारी लावलेली असते. वर्षाचे बारा महिने अंगावर कव्हर, दसऱ्याला झेंडूचा हार, पोळ्याला बैलांच्या मागं उभी. किलोमीटर मोजायचे असतील तर आमची गल्ली स्कॉटलंडपेक्षा कितीतरी पुढं आहे. अशा कारचा वापर कमी करा म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवाला कमी फिरत जा म्हणण्यासारखं आहे.

आणि ऊन. याचा विचार या लक्ष्य ठरवणाऱ्यांनी कधीच केलेला नसतो. पायी चला, सायकल चालवा, आरोग्य सुधारा, असे फलक ज्या देशांत लागतात तिथं मे महिन्यात लोक स्वेटर घालून फिरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. दुपारी बाराला दुपट्टा गुंडाळून सायकलवर निघालेला माणूस तहसीलपर्यंत पोचला, तर त्याला आधी कांदा हुंगवतात आणि मगच काम विचारतात. त्या उन्हात कारचा एसी ही चैन नाही. ती झाडं तोडून झाल्यावर उरलेली सावली आहे. ३३ कोटींतली थोडी जरी यवतमाळ रोडला जगली असती, तर निदान सकाळचे फिरणारे तरी घरून पायी निघाले असते.

असं असलं तरी माझी आशा सुटलेली नाही, कारण नवी रेल्वे येतेय. वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज. २००८ च्या सुमारास मंजूर झालेली, यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणारी. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळला येऊन तिचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा सुरू करून दिला. म्हणजे सोळाएक वर्षांत ती कळंबला पोचली आहे. शकुंतलेचा वेग कमी होता असं म्हणणाऱ्यांनी जरा इकडं बघावं.

परवा भाऊसाहेब संध्याकाळी पारावर आले. नव्या लाइनचं काम कुठवर आलं ते बघायला ते कारनं जाऊन आले होते. तीन तास मोडले, पेट्रोल जाळलं, पण माणूस खूश होता. भराव पडलाय म्हणाले, पुलाचे खांब उभे झालेत म्हणाले. गाडी सुरू झाली की आपण कार काढणारच नाही, सरळ नांदेडला दर्शनाला रेल्वेनं, असंही म्हणाले. मी मनातल्या मनात स्कॉटलंडला पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं,

“पण मास्तर, मले एक सांगा. टेशन त गावाबाहेर राहीन. तेथलोग जायाचं म्हणजे कार लागनच. पार्किंग मोठं करतीन का थे लोक?”

“करतील ना.”

“सावलीचं?”